गाडीखालून एक्झॉस्टचा पाइप नेताना: किती जागा, कुठून आणि कशाला धरून

प्रश्न थोडक्यात असा. विक्रोळीला राहणाऱ्या तुमच्याकडे दीड लिटर पेट्रोल इंजिनाची सेडान आहे. डिकीत सीएनजीचा सिलिंडर आहे आणि स्प्रिंग बदलून गाडी 35 मिलिमीटर खाली घेतली आहे. आता हेडरपासून, म्हणजे इंजिनाला लागून असलेल्या एक्झॉस्टच्या फाट्यापासून, मागच्या बंपरपर्यंत अडीच इंची स्टेनलेसचा पाइप टाकायचा आहे. वेल्डर म्हणतोय, ‘सरळ काढून देतो, बोटभर जागा सोडली की झालं.’ तेवढी जागा पुरते का, पाइप कुठून न्यावा आणि सीएनजीच्या नळीचं काय, हे तुम्ही विचारलंत.

बोटभर जागा पुरत नाही. ती मोजलेली असते थंड, रिकाम्या, लिफ्टवर टांगलेल्या गाडीत. गाडी रस्त्यावर आली की पाइप तापून लांबतो, इंजिन माउंटिंगवर डुलतं, मागची दोन चाकं जोडणारा बीम वर-खाली होतो. त्यामुळे मार्ग आखायचा तो पूर्ण तापलेल्या, पाच माणसं बसलेल्या आणि नुकत्याच खड्ड्यात आदळलेल्या गाडीसाठी. हे एकदा पटलं की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात.

आधी अडीच इंचाचं बघू. तुमचं इंजिन शंभर-सव्वाशे हॉर्सपॉवरचं, टर्बो नसलेलं. त्याला दोन इंची पाइप पुरतो, फार तर सव्वादोन. अडीच इंच म्हणजे 63.5 मिलिमीटर. अशा गाड्यांचा कंपनीचा पाइप साधारण 42 ते 45 मिलिमीटरचा असतो. म्हणजे पाइपसाठी फ्लोअरखाली असलेल्या खाचेतली, बोगद्यातली, जवळपास 20 मिलिमीटर जागा तुम्ही काही बांधण्याआधीच खर्च केलीत, आणि त्या बदल्यात खालच्या आरपीएमला ओढ कमी होण्याचीच शक्यता जास्त. घाटकोपरच्या सिग्नलवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला हा सौदा परवडणारा नाही. दोन इंची घ्या, मँड्रेल बेंडचा, म्हणजे आतून आधार देऊन वाकवलेला घ्या. दाबून वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो आणि बाहेरच्या बाजूने पातळ पडतो, तडा पहिल्यांदा तिथेच जातो.

मार्गाबद्दल माझं मत ठाम आहे: कंपनीने फ्लोअरखाली जो बोगदा दिलाय, तोच धरा. पेट्रोलच्या नळ्या, ब्रेक पाइप, हँडब्रेकची केबल, वायरिंग आणि टाकी या सगळ्यांच्या जागा त्या बोगद्यातली उष्णता धरूनच ठरवलेल्या असतात. नवा पाइप ‘सरळ’ काढायचा म्हणून बोगदा सोडला, की तो यांतल्या कशाच्या तरी शेजारी जाऊन बसतो. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. हँडब्रेक केबलचं प्लॅस्टिकचं आवरण आधी मऊ पडतं, मग आत पाणी शिरतं, मग पावसाळ्यात केबल अडकते, आणि मालक ब्रेकवाल्याकडे जातो. असली केबल मी काढून पाहिली आहे. एका बाजूने आवरण चांगलं आणि पाइपकडच्या बाजूने वीतभर लांबीत चकचकीत, वितळून खाली ओघळलेलं. पाइप तिला कुठेही टेकलेला नव्हता. नुसत्या धगीने एवढं होतं.

तापमानाचा अंदाज डोळ्यासमोर ठेवा. जोरात चालवलेल्या पेट्रोल इंजिनाचा गॅस हेडरमधून 800 अंश सेल्सिअसच्या आसपास बाहेर पडू शकतो. फ्लोअरखालच्या पाइपचा पत्रा कष्टाच्या वेळी 300–400 अंशांवर जातो, मागच्या सायलेन्सरपाशी तो आणखी उतरतो. आता शेजारी काय आहे ते बघा. प्लॅस्टिकची पेट्रोल टाकी साधारण 130 अंशांना वितळते. डॉट 3 ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 205 अंश असतो, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी किमान मर्यादा 140 अंशच आहे, आणि मुंबईच्या दमट हवेत ऑइल पाणी शोषतंच. खंडाळ्याच्या चढाला पाइप भरपूर तापतो आणि उतारावर ब्रेक लागतात. ब्रेक ऑइलची नळी पाइपजवळून गेली असेल तर हे दोन्ही एकाच प्रवासात भेटतात. शहरात त्रास वेगळा. वेस्टर्न एक्सप्रेसवर तासभर रांगताना गाडीखालून वारा जात नाही, उष्णता तिथेच साचते. गाडी पळत असताना पुरलेलं अंतर अशा वेळी अपुरं ठरतं.

माझी मापं अशी. पाइप आणि नुसता पत्रा यांच्यात निदान 25 मिलिमीटर. रबर, प्लॅस्टिक, वायर, ब्रेक पाइप, पेट्रोलची नळी यांच्यापासून निदान 50 आणि मध्ये हीट शील्ड, म्हणजे धग अडवणारा पत्रा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 113 क्रमांकाचा नियम इंधनाच्या नळीपासून 35 मिलिमीटरच्या आत एक्झॉस्ट पाइप नको म्हणतो. ती कायद्याची खालची रेघ झाली, त्यावर समाधान मानू नका. पुढची चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बूटजवळून (ग्रीस धरून ठेवणाऱ्या आवरणाजवळून) पाइप जात असेल तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून अंतर बघा. बूट फाटला की ग्रीस थेट गरम पाइपवर उडतं.

आता सीएनजी. तुमच्या प्रश्नातली मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच, आणि वेल्डर तिच्याबद्दल काही बोललेलाच नाही. सिलिंडर भरला की दाब 200 बारच्या घरात असतो, आणि डिकीपासून इंजिनापर्यंत जाणारी ती बारीक स्टीलची नळी तोच दाब घेऊन तुमच्या फ्लोअरखालून जाते. युरोपातल्या आर 110 या नियमावलीत सीएनजीचा कोणताही भाग एक्झॉस्टपासून 100 मिलिमीटरच्या आत असेल तर तो उष्णतेपासून नीट झाकलेला हवा, असं आहे. मी हेच माप धरतो. 100 मिळत नसेल तर शील्ड लावा, पण शील्ड नळीच्या क्लिपवर बसवू नका, बॉडीवर बसवा. नळीला हात लावून ‘जरा बाजूला’ वाकवणं तर अजिबात नको. वाकवलेल्या जागी आणि फेरूलच्या (नळी घट्ट धरणाऱ्या कड्याच्या) जोडावर ताण येतो आणि गळती महिन्यांनी दिसते.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सिलिंडरच्या व्हॉल्व्हवरच्या पिशवीतून किंवा डब्यातून निघणाऱ्या जाड नळ्या. व्हॉल्व्हपाशी गॅस गळलाच तर तो डिकीत न साचता बाहेर जावा म्हणून त्या फ्लोअरला भोक पाडून खाली सोडलेल्या असतात. नवा सायलेन्सर बसवताना तो नेमका या तोंडांखाली येतो, कारण मोकळी जागा तिथेच दिसते. गळलेला गॅस थेट गरम सायलेन्सरवर, आणि सायलेन्सरचा जोड गळला तर धूर त्याच नळीने उलटा डिकीत. लिफ्टवर गाडी चढली की आधी ही तोंडं शोधा, त्यांच्याभोवती खडूने मोठं वर्तुळ काढा आणि वेल्डरला सांगा की या वर्तुळाखाली काहीही यायचं नाही.

मागच्या बीमकडे येऊ, कारण गाडी खाली घेतलेली असल्यामुळे तुमचा खरा अडथळा तिथे आहे. बहुतेक फ्रंट व्हील ड्राइव्ह सेडानमध्ये पाइप बीमच्या वरून जातो. टू-पोस्ट लिफ्टवर चाकं लोंबतात, बीम खाली जातो आणि वर भरपूर जागा दिसते. वेल्डर खूश होऊन पाइप तिथे बसवतो. गाडी जमिनीवर टेकली की त्यातली बरीच जागा जाते, मागे तीन माणसं बसली की आणखी, आणि खड्ड्यात बंप स्टॉप, म्हणजे बीमची वरची हालचाल अडवणारा रबरी ठोकळा, दाबला गेला की बीम पाइपला खालून ठोसा मारतो. 35 मिलिमीटर तर तुम्ही स्प्रिंग बदलतानाच देऊन बसला आहात. डिकीतल्या सिलिंडरचं वजन कायमचं, ते वेगळंच.

यावर अंदाज नको, मोजमाप हवं. गाडी पक्क्या घोड्यांवर (गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर) घ्या, मागच्या दोन्ही स्प्रिंग काढा, बंप स्टॉप जागेवर ठेवा आणि जॅकने बीम दोन्ही बाजूंना सारखा वर उचला, बंप स्टॉप दाबला जाईपर्यंत. त्या अवस्थेत पाइप आणि बीम यांच्यात 20 मिलिमीटर उरले पाहिजेत. मग एकच बाजू उचलून पुन्हा बघा, कारण रस्त्यावर एकच चाक खड्ड्यात जातं आणि बीम तिरका होतो. शेवटी बीम पूर्ण खाली सोडून ब्रेकचे होज आणि हँडब्रेकच्या केबली पाइपवर ताणल्या जात नाहीत ना ते तपासा. जिथे हात किंवा पट्टी जात नाही तिथे मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा चिकटवा, बीम वर न्या, खाली आणा, आणि गोळा किती जाडीचा उरला ते मोजा. या सगळ्यात अर्धा दिवस जातो. वेल्डर कुरकुर करेल, त्याला त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या.

वेल्ड मारण्याआधी लांबी वाढण्याचा हिशेब करा. 304 स्टेनलेस गरम झाल्यावर साध्या लोखंडापेक्षा जवळपास दीडपट प्रसरण पावतं. तीन मीटर पाइप सरासरी 300 अंशांनी तापला तर तो साधारण 15 मिलिमीटर लांबतो. हे 15 मिलिमीटर कुठेतरी जाणारच. पाइप दोन्हीकडून घट्ट धरला असेल तर ते हेडरच्या फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चकतीवर) किंवा पाइप लटकवणाऱ्या हँगरच्या वेल्डवर जातात, आणि तिथे तडा येतो. म्हणून हँगर रबराचेच हवेत आणि सळईची टोकं एवढी लांब हवीत की पाइप मागे सरकला तरी रबर सळईवरून निसटणार नाही. थंड असताना रबर किंचित पुढे ओढलेलं ठेवा, म्हणजे तापल्यावर ते सरळ होतं. बंपरच्या कापलेल्या जागेत टेलपाइपच्या चहूबाजूंनी निदान 20 मिलिमीटर सोडा, नाहीतर पहिल्याच लांब प्रवासात बंपरचं प्लॅस्टिक वितळेल.

फ्लेक्स पाइप म्हणजे तो जाळीदार लवचिक तुकडा. तो इंजिनाजवळ, हेडरमधून खाली उतरणारा पाइप वळून आडवा झाला की लगेच. आडवं बसवलेलं इंजिन क्लच सोडताना आणि ॲक्सिलरेटर दाबताना पुढे-मागे डुलतं, ती हालचाल तिथेच संपली पाहिजे. फ्लेक्स वाकणं सोसतो, पिळणं सोसत नाही. म्हणून बाकीचा सगळा पाइप हँगरवर लटकवून झाल्यावर, तो आपल्या वजनाने जिथे स्थिरावतो तिथे फ्लेक्स जोडा. दोन टोकं जुळत नाहीत म्हणून ओढून-ताणून वेल्ड मारला तर तो आधीच अर्धा खर्ची पडला. फ्लेक्सच्या मागे लगेच एक हँगर द्या, म्हणजे पाइपचं वजन त्याच्यावर येत नाही. फ्लेक्सच्या पुढे आधार द्यायचा असेल तर तो इंजिन किंवा गिअरबॉक्सवरून घ्या, बॉडीवरून कधीच नाही.

फ्लँजच्या दिशेकडे फार थोडे लोक बघतात. दोन बोल्टच्या फ्लँजचे कान उभे ठेवले तर खालचा कान आणि त्याचा बोल्ट हा गाडीचा सर्वात खालचा बिंदू होतो. आपल्या सोसायट्यांच्या गेटवरचे स्पीडब्रेकर बघता तो पहिल्याच आठवड्यात घासणार. कान आडवे ठेवा. घसरून बसणाऱ्या जोडात पुढचा पाइप मागच्याच्या आत जाऊ द्या, म्हणजे गॅसच्या वाटेत कड येत नाही.

धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या लॅम्ब्डा सेन्सरचा बंग (तो आवळायचा आट्यांचा तुकडा) पाइपच्या वरच्या अर्ध्यातच, आडव्या रेषेपेक्षा निदान 10 अंश वर. खाली बसवला तर पाइपात जमणारं पाणी सेन्सरवर येतं आणि गरम सिरॅमिक फुटतं. सेन्सरच्या आधीच्या प्रत्येक जोडाची गळती तपासा, तिथून आत ओढली जाणारी हवा ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, फसवते आणि तो उगाच जास्त इंधन देऊ लागतो.

पाइपातल्या पाण्याचं म्हणाल तर एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं, आणि सीएनजीवर तेवढ्याच उष्णतेमागे त्याहून जास्त. स्टेशनपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचा सायलेन्सर नीट तापत नाही, ते पाणी तिथेच थांबतं. सीएनजी गाड्यांचे सायलेन्सर आतून कुजतात ते यामुळे. सायलेन्सरच्या सर्वात खालच्या बिंदूला 3 मिलिमीटरचं भोक ठेवा आणि त्याचं तोंड कुठल्याही केबलकडे नको. पावसाळ्यात हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाणी साचलं असेल तर खाली घेतलेली गाडी त्यात घालूच नका. तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या डब्यावर) गार पाणी आलं तर आतली सिरॅमिकची वीट तडकू शकते. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवायची नाही, गाडी ढकलत बाहेर काढायची.

मालाबद्दल. गुलालवाडीत स्टेनलेसचे पाइप हवे तसे मिळतात, बोल्ट आणि क्लॅम्प नागदेवीला. मात्र ‘304 आहे, लोहचुंबक चिकटत नाही’ यावर विश्वास ठेवू नका. ग्रिल आणि रेलिंगला वापरतात त्या 202 प्रकारच्या स्टेनलेसला पण चुंबक चिकटत नाही, आणि ते समुद्राच्या हवेत, वेल्डच्या शेजारी, लवकर गंजतं. रसायनाचा थेंब टाकून 202 ओळखायची चाचणी असते, ती समोर करून घ्या. प्लंबरच्या दुकानातला जीआय पाइप स्वस्त पडतो म्हणून कुणी सुचवेल. त्याच्यावरचा जस्ताचा थर वेल्ड करताना जळतो आणि तो धूर फुप्फुसात गेला की वेल्डरला ताप भरतो. त्याच्या जिवासाठी तरी नको.

एक्झॉस्टवर गुंडाळायची पट्टी मी मुंबईत फ्लोअरखाली वापरत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि पाइप आतल्या आत सडतो. वरून इंजिन ऑइल गळून त्यात मुरलं तर आगीचं निमित्त तयार. ॲल्युमिनियमचं शील्ड लावा, पाइप आणि शील्ड यांच्यात 10–15 मिलिमीटर हवा, शील्ड आणि बॉडी यांच्यातही तेवढीच. टेकवलेलं शील्ड म्हणजे नुसता गरम पत्रा. हेडरजवळ मात्र स्टेनलेसचं शील्ड, तिथली उष्णता ॲल्युमिनियमच्या पोटाबाहेरची.

टेलपाइप बंपरच्या कडेच्या थोडा बाहेर काढा. बंपरच्या आत संपवला तर गाडीच्या मागे तयार होणाऱ्या कमी दाबात धूर ओढला जातो आणि डिकीच्या फटींतून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. ॲम्प्लिफायरची वायर नेण्यासाठी कुणी फ्लोअरचं रबरी बूच काढून ठेवलं असेल तर ते आधी बसवा. पाइप डावीकडून बाहेर काढायची हौस असेल तर ती सोडा. नियम 112 प्रमाणे धूर खाली किंवा डावीकडे सोडता येत नाही, मागे किंवा उजवीकडेच. आपल्याकडे डावीकडे फुटपाथ असतो, बसची रांग असते, तोंडासमोर मूल असतं. हा नियम मनापासून पाळण्यासारखा आहे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा नाही, आवाज वाढवायचा नाही, हे मी अट म्हणून सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. उत्तर ‘नाही’ आलं तर कंपनीच्याच व्यासाचा आणि सायलेन्सरचा नवा पाइप, वर सांगितलेल्या काळजीने बसवा.

वेल्डिंगच्या दिवशी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळीतला गॅस संपेपर्यंत इंजिन सीएनजीवर चालवा. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. गाडीखाली फक्त टॅक, म्हणजे पाइप जागेवर धरणारे छोटे वेल्ड, मारायचे, तेही टाकी आणि सीएनजीच्या नळीपासून लांब. जवळचे जोड खुणा करून पाइप खाली उतरवून जमिनीवर. पूर्ण वेल्ड बाहेर, आर्गॉनवर, पाइपच्या आतूनही आर्गॉन सोडून. अग्निशामक हाताशी हवा आणि तो धरणारा एक माणूस मोकळा हवा.

बसवून झाल्यावर अरुंद जागांवर पांढरा बूटपॉलिश लावा आणि पाच माणसं घेऊन गाडी फिरवा. जिथे पॉलिश खरवडलं गेलं तिथे पाइप टेकतोय. उष्णता इन्फ्रारेड गनने बघणार असाल तर चकचकीत स्टेनलेसवर ती खूप कमी आकडा दाखवते. उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा रुपयाएवढा ठिपका देऊन त्यावर नेम धरा. पहिल्या लांब प्रवासानंतर, गाडी पूर्ण गार झाल्यावर, फ्लँजचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. आणि सीएनजीची नळी किंवा तिची क्लिप हलवावीच लागणार असं लिफ्टवर दिसलं, तर काम तिथेच थांबवून अधिकृत सीएनजी फिटरला बोलवा. नळी तो हलवेल, गळती तपासेल, त्यानंतरच वेल्डरने पुन्हा हात लावायचा.